कडक द्या, ताई

पहाटे साडेपाच

पहिला कप कोरा. दूध नाही, साखर नाही, आल्याचा तुकडासुद्धा नाही. घरात पाहुणे असले की त्यांना वाटतं, चहाचं दुकान आहे म्हणून बाईंचे हे चोचले. पण आज दिवसभरात मला वीस-पंचवीस कप चाखायचे आहेत आणि जीभ ठिकाणावर आहे की नाही, हे त्याआधी बघावं लागतं. म्हणून नुसती चूळ भरून हा कप घ्यायचा, दात नंतर घासायचे. पुदिन्याची पेस्ट एकदा तोंडात गेली की तासभर सगळे चहा एकाच चवीचे लागतात.

काल संध्याकाळी मिसळलेल्या मालातला एक सपाट चमचा दाणा, त्यावर खळखळ उकळतं पाणी, वर बशी. घड्याळ लावून चार मिनिटं. मग गाळायचा. रंग घासलेल्या तांब्यासारखा आला, घोट घेतल्यावर हिरड्यांना किंचित चिमटा बसला आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं. कालचा माल ठीक आहे. मी याला कडक म्हणते.

सासूबाई म्हणत नाहीत. त्यांचा चहा पातेल्यात दहा मिनिटं रटरटतो, विटेच्या रंगावरून काळपटावर जातो, आणि पहिल्या घोटाला कपाळावर आठी पडली की त्यांच्या लेखी तो जमला. यावर आमचं एकमत होईल ही आशा मी केव्हाच सोडली. मुळात शब्दच घोटाळ्याचा. ऊन कडक, इस्त्री कडक, मास्तर कडक, भाकरी कडक आणि चहाही कडक. दुकानात येणारं दहातलं नऊ गिऱ्हाईक 'कडक द्या, ताई' एवढंच सांगतं. त्यातल्या कोणाला रंग हवा असतो, कोणाला कडवटपणा, कोणाला झोप उडवणारा दणका, ते ज्याचं त्याला ठाऊक. ते ओळखायचं आणि त्या मापाने पुडी बांधायची, हा माझा धंदा. वडिलांच्या मागे रविवार पेठेतलं दुकान मी अठरा वर्षं बघते आहे.

सकाळी साडेसात

वाटेत एक थांबा ठरलेला. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक असलेलं एक अमृततुल्य. पितळी पातेलं, आतून कल्हई, बाजूला खलबत्त्यात वेलदोडे आणि आलं. इथे दूध, पाणी, साखर, भुकटी सगळं एकत्र उकळतं आणि मग फडक्यातून पिळून गाळतात. परदेशी चहाच्या पुस्तकात असं काही केलं तर पाप लागतं. पण या पद्धतीचं स्वतःचं गणित आहे आणि ते पक्कं आहे.

'ताई, रंग पडत नाही हल्ली. डस्ट वाढवा.'

मी आधी घोट घेतला. चहा फिका नव्हता, दबलेला होता. 'दूध बदललंत का?'

बदललं होतं. गेल्या आठवड्यापासून गाईचं सोडून म्हशीचं सुरू केलं होतं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहातला तुरट अंश धरून ठेवतं. म्हणून कोरा चहा हिरड्यांना चावतो आणि तोच दूध घातल्यावर मऊ होतो. म्हशीचं दूध दाट, त्यात प्रथिनंही जास्त, तेव्हा चावा जास्त गिळतं आणि रंगही. यांच्या मिश्रणात सत्तर टक्के दाणा आणि तीस टक्के डस्ट, म्हणजे बारीक भुकटी, असते. डस्ट दोन मिनिटांत रंग सोडते, दाण्याला चार-पाच मिनिटं उकळी लागते पण चव तोच देतो. नुसती डस्ट वाढवली असती तर रंग आला असता आणि घशाशी खरखर उरली असती. मी डस्ट चाळीसवर नेली आणि दाणा बदलून आसामचा जरा भारी घातला. किलोमागे चाळीस रुपये चढले.

चाळीस ऐकून त्यांचा चेहरा पडला. अशा वेळी मी कागदावर हिशेब मांडते. एका किलोत अडीच ग्रॅमचे चारशे कप होतात. किलोला चाळीस रुपये वाढले म्हणजे कपाला दहा पैसे. चारशे रुपये किलोचा चहा कपाला एक रुपया पडतो, सहाशेचा दीड. घरीसुद्धा लोक दुधाला, गॅसला, साखरेला जे देतात त्यापुढे चहापत्ती किरकोळ असते, आणि काटकसर मात्र नेमकी तिथेच करतात.

साडेनऊ

दुकान उघडलं. दिवाणजी माझ्याआधी येऊन बसलेले असतात. देवाच्या तसबिरीपुढे निरांजन लागतं, उदबत्ती नाही. नवीन माणूस विचारतोच. बागेतल्या भट्टीतून चहा निघतो तेव्हा त्यात ओल जेमतेम तीन टक्के असते, त्यामुळे तो पुढे आयुष्यभर तहानलेला. हवेतला दमटपणा पितो आणि हवेत जो वास असेल तोही पितो. दुकान हाती घेतलं त्या पहिल्या पावसाळ्यात जागा कमी पडली म्हणून मी दोन पोती मागच्या खोलीत ठेवली. पलीकडच्या भिंतीला कोणाचा तरी हिंगाचा साठा होता, हे मला माहीत होतं आणि तरी ठेवली. पंधरा दिवसांनी त्या चहाला फोडणीचा वास येत होता. साठ-सत्तर किलो माल शेवटी झाडांना खत म्हणून गेला. दिवाणजी तेव्हा काही बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. पण त्या खोलीला ते 'हिंगाची खोली' म्हणतात.

यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे पालख्या उशिरा. परवा पुण्यात येतील. आभाळ सकाळपासून गळतं आहे. डब्यांची झाकणं तपासली आणि उघडी पोती आत घेतली.

अकरा

हा दिवसातला खरा तास. या वेळी मी फोन घेत नाही.

नमुने आठ आले आहेत, पाच आसामचे आणि तीन उत्तर बंगालातल्या डुआर्सचे. दाण्याचा चहा, म्हणजे सीटीसी, सर्वांत जास्त गुवाहाटीच्या लिलावात विकला जातो. ते केंद्र १९७० सालचं. त्याआधी आसामच्या चहाचा कारभार मुख्यतः कोलकात्याला होता, तिथला लिलाव १८६१ पासूनचा. आता बोली संगणकावर लागते. आमच्यासारखे छोटे दुकानदार थेट बोली लावत नाहीत, तिथला आढत्या आमच्या वतीने घेतो. त्याला नमुना क्रमांक आणि जास्तीत जास्त भाव दुपारी दोनच्या आत कळवायचा.

आणि हेच आठवडे महत्त्वाचे. थंडीत आसामची झुडपं झोपलेली असतात. मार्चला पहिली पालवी फुटते, ती नाजूक. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतची दुसरी पालवी, तिच्यात जो कस असतो तो पुन्हा वर्षभर नाही. जुलैपासून पावसाने पाला भराभरा वाढतो, माल ढिगाने येतो, भाव उतरतो आणि चहा पाणचट होत जातो. जूनमध्ये खुडलेली पत्ती आत्ता माझ्या टेबलावर आहे. पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत लोक मला 'कडक द्या' म्हणणार, त्याची तजवीज आज करायची.

आधी कोरडा माल पांढऱ्या कागदावर पसरायचा. दाणा एकसारखा हवा, घट्ट हवा, काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकलेला हवा. तांबूस काड्या आणि तंतू जास्त दिसले तर पानाबरोबर देठं गेली आहेत. मग मूठभर दाणा घेऊन बंद मुठीत तोंडाची वाफ सोडायची आणि लगेच हुंगायचं. वाफेने चहा एका क्षणापुरता बोलतो.

तिसऱ्या नमुन्याने दिवाणजींना जिंकलं. दाणा काळाभोर, चकचकीत, मोहरीसारखा गोल. 'ताई, हा बघा. काचेच्या बरणीत असा शोभेल की नुसत्या दिसण्यावर जाईल.' सहावा नमुना त्यापुढे अगदीच गावंढळ. तपकिरी, जरा ओबडधोबड, तळाशी चिमूटभर काडी.

पाणी उकळलं. आठ पांढरे झाकणाचे प्याले, प्रत्येकात अडीच ग्रॅम. आता डिजिटल काटा आहे, पण वडील छोट्या तागडीत एका बाजूला जुनी पावली टाकत. निकेलच्या त्या चार आण्याच्या नाण्याचं वजन बरोबर अडीच ग्रॅम. २०११ साली सरकारने पावली चलनातून काढली, आमच्या गल्ल्यात ती अजून आहे. पाणी एकशे चाळीस मिलिलिटर, वेळ पाच मिनिटं. पाच म्हणजे पाच. मग प्याला आडवा करून कोरा चहा वाटीत निथळू द्यायचा आणि उरलेला चोथा उलट्या झाकणावर काढायचा.

गिऱ्हाइकाला चोथा कचरा वाटतो. मला तो चहाची जन्मपत्रिका वाटतो. सहाव्याचा चोथा नुकत्या घासलेल्या घागरीसारखा तांबूस, झळाळता. तिसऱ्याचा काळा, मेलेला. एका डुआर्सच्या नमुन्यात हिरवी झाक होती. म्हणजे पान तिथे हवेवर पुरतं मुरू दिलेलं नाही. त्या मुरण्याला बागेत फर्मेंटेशन म्हणतात, पण ते दही लागण्यासारखं जिवाणूंचं काम नाही. सफरचंद कापून ठेवलं की लाल पडतं, तीच क्रिया. पान चुरडलं की त्यातला रस हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि दोन गोष्टी तयार होतात. थिआफ्लेविन, जी चमक आणि चावा देते, आणि थिआरुबिजिन, जी गडद रंग आणि अंग देते. लवकर थांबवलं तर कच्चट, फार वेळ ठेवलं तर रंग भरपूर आणि चावा गेलेला. सीटीसीमध्ये हा सगळा खेळ तासा-दीड तासात संपतो, कारण यंत्र पान नुसतं वळत नाही, दातेरी रुळांतून चिरडतं, फाडतं आणि त्याचे गोळे करतं. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी ते यंत्र बसवलं. आपल्या उकळीच्या चहाचा जन्म माझ्या मते तिथला. त्याआधीची वळलेली लांब पत्ती दुधात इतकी झटपट उतरत नसे.

चमचाभर चहा तोंडात ओढायचा, आवाज करून. लहानपणी बशीतून भुरका मारला की आई डोळे वटारायची, इथे भुरक्याशिवाय कळतच नाही. आवाजाबरोबर हवा आत जाते, चहा जिभेवर सगळीकडे फवारला जातो, वास मागून नाकात चढतो. मग थुंकायचं. तिसरा नमुना तोंडात आला तसा सपाट. जरा करपटही, भट्टीत जास्त भाजलाय. काळी चकाकी त्याचीच. सहाव्याने दोन्ही गालांना आतून धरलं आणि सोडेपर्यंत वेळ घेतला.

आता दूध. प्रत्येक वाटीत एकच चमचा. तिसरा राखाडी झाला, भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा. सहावा केशरी झाला. दिवाणजींनी स्वतः चाखला आणि चष्मा काढून पुसला, म्हणजे पटलं.

एक शेवटची खूण राहते. सहाव्याची कोरी वाटी बाजूला ठेवून गार होऊ दिली. वीसेक मिनिटांनी त्यावर ढगाळ साय धरल्यासारखी दिसू लागली. घरी असं झालं की लोक म्हणतात चहा खराब आहे. उलट आहे. थिआफ्लेविन आणि कॅफीन भरपूर असेल तर ते गार होताना एकमेकांना बिलगतात आणि चहा गढुळतो. गढुळतो तो चहा दमदार.

पावणेदोनला आढत्याला कळवलं. सहावा, दहा पोती, आणि वर भावाची मर्यादा. मर्यादा जरा ताणली.

दीड-दोनच्या मध्ये जेवण

डब्यात भाकरी, मुगाची उसळ, दही. कांदा नाही, ठेचा नाही. घरची मंडळी उन्हाळ्यात कैरीची डाळ खातात तेव्हा मी रविवारची वाट बघते.

अडीच

सर आले. शाळेत गणित शिकवायचे, वडिलांचे जुने गिऱ्हाईक, मला अजून अगं म्हणतात. छत्री बाहेर निथळायला ठेवली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून काउंटरवर ठेवली.

गेल्या आठवड्यात ते तक्रार घेऊन आले होते. 'अगं, तुझ्या वडिलांच्या हातची चव गेली बघ. पूर्वीचा कडकपणा नाही.' त्यांच्याच पुडीतली भुकटी घेऊन मी दुकानात चहा केला. घोट घेतला आणि म्हणाले, हा तर तोच आहे. मग कळलं की ते पेठेतलं घर सोडून मुलाकडे, शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला गेलेत. तेव्हा मी तिथलं पाणी मागवलं होतं.

आज दोन प्याले मांडले. चहा एक, वजन एक, वेळ एक. एकात आमच्या नळाचं पाणी, म्हणजे खडकवासल्याचं, आणि दुसऱ्यात सरांच्या बाटलीतलं बोअरचं. पाच मिनिटांनी बोअरच्या पाण्याचा चहा जास्त काळा होता.

'म्हणजे हाच कडक?'

'घोट घ्या, सर.'

त्यांनी घेतला. काळा दिसणारा प्याला तोंडात मातकट आणि बोथट. नळाच्या पाण्याचा दिसायला उजळ आणि चावणारा. काळ्या प्याल्यावर तोवर पातळ तवंगही धरला होता, चमच्याने फाटला तर बर्फासारखा तडकला. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त. ते चहातल्या तुरट द्रव्यांशी जुळतं, तवंग होतो, रंग काळवंडतो आणि चावा मरतो. सर गेले सहा महिने या काळ्या रंगाकडे बघून पावडर कमी करत होते. रंगाने फसलेलं गणित.

उपाय साधा सांगितला. रात्री पाणी चांगलं उकळून ठेवायचं, सकाळी तळाशी पांढरं बसतं, वरचं निवळलेलं हलकेच काढून त्याचा चहा. बाकी सगळ्यांना मी ताजं पाणी घ्या म्हणून सांगते आणि यांना शिळं सांगितलं. सरांच्या ते लक्षात आलं, पण गुण कापले नाहीत. अर्धा किलो घेऊन गेले, नेहमीचाच.

चार

मंडळाची पोरं आली, पाचजण, एकाच छत्रीत. पालखीच्या मुक्कामात वारकऱ्यांना चहा वाटायचा आहे. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि त्या दोन दिवसांत या पेठांमध्ये जितका चहा उकळतो तितका वर्षभरात उकळत नसेल.

'ताई, पाच हजार कप. स्वस्तातली पावडर द्या, पण कडक पाहिजे. माणसं भिजत आलेली असतात.'

हिशेब मांडला. कागदी कप सत्तर मिलिलिटरचा. त्याला दीड ग्रॅम पुरते. पाच हजार कपांना साडेसात किलो, सांडलवंड धरून आठ. साखर कपाला पाच ग्रॅम धरली तर पंचवीस किलो. आठ किलोत भाव शंभर रुपयांनी इकडेतिकडे झाला तर फरक आठशेचा, मांडवाचं भाडं त्याहून जास्त असेल. मग स्वस्त कशाला?

एकाने खिशातून पुडी काढली. कुठूनशी आणलेली, अर्ध्या भावाची. 'ही बघा, पाण्यात टाकल्या टाकल्या लाल.'

टाकल्या टाकल्या लाल, हीच पंचाईत. पांढरा टिपकागद घेतला, चिमूटभर भुकटी पसरली, वर पाण्याचा शिडकावा. दोन मिनिटांनी भुकटी झटकून कागद नळाखाली धरला आणि दिव्यासमोर उचलला. तपकिरी ठिपक्यांची रांगोळी. शेजारी आमच्या चहाचा कागद, जवळजवळ कोरा. एफएसएसएआयने घरच्या घरी करायला सांगितलेली चाचणी आहे ही, पैसा लागत नाही. गार पाण्यात चहा सावकाश रंगतो. थंड पाण्यात धारा सोडणारी भुकटी एकतर वापरून वाळवलेली आणि रंगवलेली असते, नाहीतर रंग तरी वरून दिलेला. पोरं गप्प झाली. मग त्यांना डस्ट आणि बारीक दाणा निम्मा-निम्मा दिला. घाईच्या उकळीला हेच चालतं.

खरी अडचण पुढे असते. मोठ्या पातेल्यात भुकटी घालून ठेवायची आणि तीन तास मंद आचेवर उकळत राहायचं, हा दर वर्षीचा प्रकार. पहिला तांडा चहा पितो, तिसरा काढा. म्हणून सांगितलं की कोऱ्या चहाचा अर्क आठ मिनिटांत उतरवून गाळून वेगळा ठेवा, दूध वेगळ्या भांड्यात तापतं ठेवा आणि वाटताना एकत्र करा. आलं पाण्याबरोबर आधी उकळा, दुधात कच्चं टाकलंत तर फाटेल. हे त्यांच्यातल्या एकानेच लिहून घेतलं. बाकीचे बाहेर ढोलाचा आवाज कुठून येतोय ते बघत होते.

साडेपाच

एक मुलगी, पंचविशीची, पाठीला लॅपटॉपची पिशवी. 'काकू, दूध सोडलंय मी. कोरा पण कडक असा, पत्तीचा चहा हवाय. दार्जिलिंग देता का?'

दार्जिलिंग सुंदर असतो, पण कडक नसतो. तो वासाचा चहा. त्याला कडक करायला जाल तर नुसता तुरट होईल. तिला आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती काढून दिली, दुसऱ्या पालवीची. लांब, वळलेली, मधून मधून सोनेरी टोकं. ती कोवळ्या कळीवरची लव, पान वळताना रसाने रंगलेली. डब्यावर टीजीएफओपी लिहिलं होतं, त्यातला ओ ऑरेंजचा, पण संत्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही अक्षरं पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत. मूठभर तिच्या तळहातावर ठेवून हुंगायला सांगितली.

'कसला वास हा? ओळखीचा आहे.'

मोड आणून भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा. तिने लहानपणी सत्त्व खाल्लेलं असणार. चांगल्या आसामी चहाची खूण तीच.

मग कृती. किटली आधी गरम पाण्याने विसळायची, नाहीतर गार चिनी मातीच उष्णता खाते. दोनशे मिलिलिटरला तीन ग्रॅम पत्ती, पाणी पूर्ण उकळलेलं, झाकण, चार मिनिटं, फार तर पाच. चहा पाण्यात घालून उकळायचा नाही. ही पत्ती सीटीसी नव्हे.

'आणि अजून कडक हवा असेल तर? दहा मिनिटं ठेवू?'

इथेच बहुतेक लोक चुकतात. कॅफीन आणि चव सुरुवातीच्या मिनिटांत बरीचशी उतरलेली असते, मागून येतो तो मुख्यतः तुरटपणा. कडक हवा तर पत्ती वाढवायची, वेळ वाढवायचा नाही. तीनऐवजी चार ग्रॅम, घड्याळ तेच. आणि पाच मिनिटांनी पत्ती बाहेर काढायची, किटलीत ठेवून ऑफिसची मीटिंग करायला बसायचं नाही. शंभर ग्रॅम घेतली. मी तिला मघाची गढुळलेली वाटी दाखवली, तिने फोटो काढला.

सात

शटर अर्धं खाली. उद्यासाठी घरगुती मिश्रण वीस किलो करायचं. बारा किलो आसामचा दाणा, पाच डुआर्सचा, तीन डस्ट. आसाम चावा देतो, डुआर्स रंग आणि गोलाई, डस्ट घाई भागवते. ताडपत्रीवर थरावर थर पसरून दिवाणजी लाकडी फावड्याने कडेकडून मध्ये ओढतात, सात-आठ वेळा. लोखंडी फावडं नाही, आणि पंखा बंद. नाकाला रुमाल बांधलेला असला तरी रात्री घरी शिंकलं की रुमालावर चहाच. प्रमाण वर्षभर हेच राहत नाही. चव तीच ठेवायची तर प्रमाण बदलत राहावं लागतं, कारण प्रत्येक पोतं वेगळं. सप्टेंबरात पावसाळी माल आला की मी डुआर्स कमी करते आणि साठवलेला जूनचा आसाम वाढवते. गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ही खटपट.

तीन कप करून बघितले. दुसऱ्यात डस्ट किंचित जास्त पडली असावी. पुन्हा ढवळलं.

सव्वाआठ

आढत्याचा निरोप आला. सहावा नमुना मिळाला, दहा पोती, माझ्या मर्यादेच्या दोन रुपये खाली. तिसरा, तो काळा चकचकीत, सहाव्यापेक्षा महाग गेला. कोणाच्या तरी बरणीत शोभेल.

ट्रक गुवाहाटीहून निघून इथे पोचेपर्यंत आणि माल मिसळून डब्यात जाईपर्यंत पालख्या पंढरपुरात गेलेल्या असतील. म्हणजे नवा चहा आषाढीनंतर. घ्यायला याल तेव्हा घट्ट झाकणाचा डबा घेऊन या, आणि पूर्वी त्यात मसाला ठेवलेला असेल तर तो डबा नको.